चारा, अन्न आणि भेसळ : प्राण्यांच्या खाद्यातील दूषणाचा इतिहास, गिरगावच्या संदर्भात

गिरगावातील खोताची वाडी ही मुंबई बेटावरील जुन्या वस्तीच्या ज्या थोड्या खुणा अद्याप शिल्लक आहेत त्यांपैकी एक होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्यांतून ही वाडी वसली, असे परंपरेने सांगितले जाते. लाकडी सज्जे, ओटे आणि बाहेरून चढणारे जिने असलेली सुमारे ६५ घरे येथे एके काळी होती. त्यांपैकी निम्म्याहून कमी आज उभी आहेत. वाडीच्या स्थापत्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या परिसराला आणखी एक इतिहास आहे व त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. माणसांच्या सोबतीने राहणाऱ्या प्राण्यांनी येथे काय खाल्ले, ते त्यांना कोणी पुरविले आणि त्याच्या शुद्धतेची जबाबदारी कोणी घेतली, हा तो इतिहास होय.

कारखान्यात तयार होऊन पिशव्यांतून वा डब्यांतून विकल्या जाणाऱ्या श्वानखाद्याच्या व मार्जारखाद्याच्या शुद्धतेविषयी अलीकडे जी चिंता व्यक्त होते, ती वरवर पाहता केवळ नव्या राहणीतून उद्भवलेली दिसते. वस्तुतः तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे. प्राणी ज्या भांड्यातले खातो ते भांडे माणसाच्या भांड्यापासून वेगळे झाले की त्याची परीक्षा कोणी करावयाची, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा स्थलनामे, संस्था, रोगांच्या साथी आणि कायद्याची परिभाषा या चार अंगांनी घेतला आहे.

१

गिरगावच्या वाड्यांची नावे पाहिली असता हा भाग मूळचा शेतीबागायतीचा होता हे सहज ध्यानी येते. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे पिकांची व झाडांची आहेत. गायवाडी हे नाव गुरांचे. ‘भाट’ हा शब्द किनारपट्टीवरील बोलींत बागायती जमिनीच्या तुकड्यास लावला जातो. अशा वस्तीत गुरांच्या चाऱ्यासाठी बाजाराची गरज नव्हती. चारा भोवतालच्या जमिनीतच होता.

ही स्थिती पालटल्याची खूण याच परिसरातील एका नावात आढळते. ‘चर्नी रोड’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. एकीनुसार ते ‘चरणे’ या क्रियापदापासून आले. सरकारने कँप मैदानावर गुरे चारण्यासाठी १८३८ मध्ये फी बसविली; गरीब गुराख्यांना ती झेपेना; तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी ठाकूरद्वारानजीक समुद्रकाठची गवताळ जमीन सुमारे २०,००० रुपयांस विकत घेऊन ती चराईसाठी मोकळी केली, अशी ही कथा आहे. दुसरी व्युत्पत्ती शेपर्ड यांच्या १९१७ च्या मुंबईतील स्थलनामांवरील ग्रंथात नोंदविलेली आहे. ठाण्याजवळच्या चेंदणी येथील लोक येऊन राहिल्यामुळे या जागेस ‘चेंदणी’ हे नाव पडले व त्याचा अपभ्रंश ‘चर्नी’ झाला, असे ती सांगते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने पहिली व्युत्पत्ती अधिक सरळ आहे; पण सरळ दिसणारी व्युत्पत्ती लोकांनी मागाहून रचलेली असण्याचा संभवही अधिक असतो. येथे निर्णय देण्याची आवश्यकता नाही. लोकस्मृतीने या नावाचा संबंध चराईशी व तिच्यावरील कराशी जोडला, एवढी गोष्ट पुरेशी आहे. शहर वाढले, कुरण आटले आणि जनावराचे खाणे प्रथमच पैशाचा व दानधर्माचा विषय झाले, याची ती साक्ष होय.

२

चराईच्या या प्रकरणापूर्वी काही वर्षे शहरात एक मोठा क्षोभ होऊन गेला होता. भटकी कुत्री मारण्यासाठी कंपनी सरकार इनाम देत असे. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मोहीम तीव्र झाली, तेव्हा ६ जून रोजी फोर्ट भागात पारशी समाजातील लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. पारशी धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे व अंत्यविधीतही त्याची उपस्थिती आवश्यक मानलेली आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. या घटनेनंतर दोन वर्षांनी, म्हणजे १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीशेट अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिचे आवार भुलेश्वराजवळ, खोताच्या वाडीपासून पायी थोड्या अंतरावर आहे.

पांजरपोळीचा विचार सामान्यतः भूतदयेच्या संदर्भात केला जातो. संस्थांच्या इतिहासात तिचे आणखी एक महत्त्व आहे. निराश्रित जनावरांस रोज खाऊ घालण्याचे काम तिने व्यापारी मालावरील लाग्याच्या उत्पन्नातून उचलले. म्हणजे प्राण्याचे पोट भरणे ही सरकारची नव्हे, तर महाजनांची जबाबदारी ठरली. पुढे सरकारमान्य व्यवस्था उभी राहिली ती रोग व क्रूरता या दोन विषयांपुरती. प्राणिक्रूरता-प्रतिबंधक मंडळी मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली; परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ १८८४ मध्ये आणि तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. आजारी जनावराला वैद्य मिळाला, मारहाण करणाऱ्याला शिक्षा मिळाली. परंतु जनावराच्या घमेल्यात काय पडते हे पाहणारा अधिकारी या रचनेत कोठेही नव्हता. ही उणीव त्या काळी जाणवली नाही. त्याचे कारण घरोघरच्या स्वयंपाकात सापडते.

३

मराठीत माणसाला अन्न ‘वाढतात’, गुरांना वैरण ‘घालतात’ आणि कुत्र्याला तुकडा ‘टाकतात’. क्रियापदांच्या या उतरंडीत प्राण्यांविषयीची वृत्ती दिसते, हे खरे. पण ज्या वस्तूचा तुकडा टाकला जाई ती वस्तू घरातलीच असे, हेही तितकेच खरे. गोग्रास, काकबळी, श्वानबळी हे सर्व घरच्या शिजविलेल्या अन्नातून काढावयाचे. वाडीतील मांजराचा वाटा म्हणजे मासळी साफ करताना निघालेली डोकी व कल्ले. कुत्र्याचा वाटा म्हणजे उरलेली भाकरी वा भात. अन्न नासलेले असेल तर ते करणाऱ्या बाईच्या नाकाला ते आधी कळे. माणूस व प्राणी यांचे पातेले एक होते, म्हणून दोघांची परीक्षाही एकच होती.

हे पातेले फुटण्यास युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आरंभ झाला. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडन येथे कुत्र्यांसाठी खास बिस्किटे तयार करून विकण्यास प्रारंभ केला. गोदीतील कुत्री जहाजांवरची टणक बिस्किटे खातात हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. विसाव्या शतकात डबाबंद व नंतर सुके दाणेदार खाद्य आले. मुंबईसारख्या शहरात ते मध्यमवर्गीय घरांत रूढ झाले ते पुष्कळ अलीकडे. त्याला मराठीत स्थिर नाव मिळालेले नाही. लोक ‘डॉग फूड’, ‘पेट फूड’ असेच म्हणतात. घरातले कोणीही ते चाखत नाही, त्याचा वास नेहमीच उग्र असतो, आणि त्यात कोणते धान्य, कोणते मांस, कोणती पेंड गेली हे पिशवीवरील छापील मजकुराखेरीज कळण्यास मार्ग नसतो. वास घेऊन पारखण्याची जुनी रीत येथे निरुपयोगी ठरली. तिच्या जागी नवी रीत मात्र आली नाही.

४

या पोकळीतून काय उद्भवते याचे एक जुने उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय भागातील आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथील कुत्र्यांमध्ये यकृताचा एक प्राणघातक रोग आढळू लागला. कारण न कळल्यामुळे त्यास ‘हेपॅटायटिस एक्स’ असे नाव दिले गेले. १९५५ पर्यंत संशोधकांनी त्याचा संबंध विकतच्या श्वानखाद्याशी जोडला. पण विष कोणते हे उमगले नाही. उत्तर मिळाले ते १९६० मध्ये इंग्लंडात, एक लाखाहून अधिक टर्की पक्ष्यांची पिल्ले अल्पावधीत मेल्यानंतर. ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती व तिने निर्माण केलेले विष पिल्लांच्या खाद्यात उतरले होते. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊनच त्या विषास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. कुत्र्यांच्या रोगाचे कारणही तेच होते, हे मग स्पष्ट झाले.

भुईमुगाची पेंड हा महाराष्ट्राच्या व गुजरातच्या पशुपालनाचा आधार होय. सरकी, चुणी, कोंडा यांच्या जोडीने ती आंबोणात पडते. ओलसर हवा आणि २५ ते ३० अंशांच्या आसपासचे उष्णमान ही या बुरशीला अनुकूल स्थिती. पावसाळ्यातील कोकणपट्टीचे याहून वेगळे वर्णन करावे लागत नाही. १९६६ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात कोंबड्यांच्या पिल्लांत अशीच मर झाली व ती दूषित पेंडीमुळे झाल्याचे आढळले.

१९७४ च्या अखेरीस तर हे विष माणसांपर्यंत पोचले. गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे काविळीची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. या साथीच्या वृत्तांतातील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्या गावांतील कुत्र्यांनाही तोच रोग झाला होता, आणि माणसे आजारी पडण्यापूर्वी कुत्री मरू लागली होती. ती घरातलाच मका खात होती. पातेले एक असल्यामुळे कुत्र्याचा मृत्यू ही घरासाठी पूर्वसूचना होती. ती सूचना म्हणून ओळखली गेली नाही, एवढेच. विकतच्या खाद्याच्या बाबतीत अशी सूचना उरत नाही असे मात्र नव्हे. तिची दिशा तेवढी बदलते, हे पुढील प्रकरणावरून दिसेल.

५

मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्री व मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. कॅनडातील एका उत्पादकाने सुमारे सहा कोटी डबे व पाकिटे बाजारातून परत बोलाविली. तपासाअंती चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन हे प्लॅस्टिक-उद्योगातील रसायन मिसळल्याचे उघड झाले.

मिसळण्याचे कारण समजून घेण्यासाठी परीक्षणाच्या पद्धतीकडे पाहावे लागते. खाद्यातील प्रथिने मोजण्याची रूढ रीत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधून काढली. तीत प्रत्यक्ष प्रथिने मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणले जाते. मेलामाईनमध्ये वजनाच्या सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे शेकडा एक भाग मेलामाईन मिसळले की कागदावर प्रथिनांचे प्रमाण शेकडा चारांहून अधिक वाढलेले दिसते. शुद्धता सिद्ध करण्यासाठी योजलेले मापच येथे फसवणुकीचे साधन झाले. मेलामाईन व त्याच्यासोबत असलेले सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक प्राण्यांच्या मूत्रपिंडात साचत होते. २००४ मध्ये आशियातील काही देशांत थायलंडमध्ये तयार झालेल्या श्वानखाद्याने कुत्री मेली होती. त्या वेळी दोष बुरशीच्या विषावर ठेवला गेला. २००७ नंतर जुने नमुने पुन्हा तपासले असता तेथेही हीच दोन द्रव्ये सापडली.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाईन आढळले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली व सहा दगावली. भारताने त्या वर्षीच्या सप्टेंबरात चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. मांजराच्या वाटीत जे २००७ मध्ये सापडले तेच बालकाच्या पेल्यात २००८ मध्ये सापडले. मधल्या काळात प्राण्यांचे खाद्य हा वेगळा व गौण विषय मानला गेला नसता, तर ही बालके वाचली असती की नाही हे सांगता येणार नाही. विष, त्याची युक्ती आणि त्याचे परिणाम ही तिन्ही मात्र त्या वेळी जगाला ठाऊक झालेली होती.

प्राण्याच्या घासातून शहरापर्यंत पोचलेल्या दूषणाचे एक उदाहरण गिरगावाच्या अगदी शेजारचे आहे. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाची दखमे सतराव्या शतकापासून आहेत व तेथील अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता. ही गिधाडे गेल्या शतकाच्या अखेरीस दिसेनाशी झाली. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. १८३२ मध्ये ज्या समाजाने श्वानासाठी बाजार बंद पाडला, त्याच समाजाच्या विधीचा आधार एका न तपासलेल्या घासाने नाहीसा केला. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. औषध गाईला बरे वाटावे म्हणूनच दिले जात होते.

६

हेतूचा हा मुद्दा परिभाषेच्या दृष्टीने कळीचा आहे. मराठीत अशुद्ध अन्नाविषयी बोलताना प्रथम ओठावर येणारा शब्द ‘भेसळ’ हा आहे. भेसळ करणारा कोणीतरी असतो. त्याला लाभ असतो. त्याला पकडता येते. दुधात पाणी, हळदीत रंग ही भेसळ. बुरशीने पेंडीत विष तयार होणे ही भेसळ नव्हे. तेथे कर्ता नाही. त्यासाठी ‘दूषण’ हा शब्द शास्त्रीय लेखनात योजतात, पण व्यवहारात तो ‘दोष देणे’ या अर्थानेच अधिक परिचित आहे. ‘विटाळ’ या शब्दाला धार्मिक अर्थ चिकटलेला आहे. लोक नुसते ‘खराब झाले’ किंवा ‘बुरशी लागली’ म्हणतात, आणि बुरशी लागलेली वस्तू टाकून देण्याऐवजी जनावराला घालतात. ‘माणसाच्या कामाचे नाही, गुरांना चालेल’ हे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येते. सर्व प्रश्नाचे बीज या वाक्यात आहे.

कायद्याची भाषाही याच वळणाने गेली आहे. मुंबई इलाख्यात भेसळप्रतिबंधाचा कायदा १९२५ मध्ये झाला. अखिल भारतीय कायदा १९५४ मध्ये संमत होऊन १९५५ पासून अमलात आला. दोहोंच्या नावांत भेसळ आहे. १९५४ च्या कायद्यात अन्न म्हणजे माणसाने खावयाचा पदार्थ. त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने भेसळीच्या पलीकडे जाऊन ‘सुरक्षा’ ही व्यापक कल्पना स्वीकारली. परंतु अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य त्यानेही स्पष्ट शब्दांत वगळले. कुत्री व मांजरे यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोने मानक ठरविले आहे. तथापि मानक छापलेले असणे आणि दुकानातील प्रत्येक पिशवी त्यानुसार तपासली जाणे या दोन भिन्न गोष्टी होत.

ही वगळणूक माणसाच्याही हिताची नाही, हे दुधाच्या उदाहरणाने दाखविता येते. मुंबईतील तबेले शहराबाहेर हलविण्यासाठी दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली आरे वसाहत उभारली गेली व १९५१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. त्या योजनेमागे दुधातील पाणी व गोठ्यांची घाण यांचा विचार प्रमुख होता, आणि त्या काळच्या ज्ञानानुसार तो योग्यच होता. अफ्लाटॉक्सिनचे नावही तेव्हा अस्तित्वात आले नव्हते. आज हे ज्ञात आहे की, दुभत्या जनावराने दूषित पेंड खाल्ली असता विषाचा काही अंश एका दिवसाच्या आत दुधात ‘एम-१’ या रूपाने उतरतो, व दूध उकळल्याने वा पाश्चरीकरणाने तो नष्ट होत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांत भेसळयुक्त म्हणून असुरक्षित ठरलेले नमुने केवळ १२ होते. अफ्लाटॉक्सिन ‘एम-१’ मर्यादेबाहेर असलेले नमुने ३६८, म्हणजे ५.७ टक्के, होते.

या दोन आकड्यांतील अंतर विचार करण्यासारखे आहे. समाजाची सारी सावधगिरी ज्या शब्दाभोवती उभी आहे त्या शब्दाच्या कक्षेत १२ नमुने आले. जे त्या शब्दात मावत नाही ते तीसपटींनी अधिक निघाले. गवळ्याने दुधात काही मिसळले नव्हते. ते गाईच्या आंबोणातून आले होते, आणि आंबोण कायद्याच्या दृष्टीने अन्न नव्हते. या पाहणीनंतर प्राधिकरणाने दुभत्या जनावरांचे व्यापारी खाद्य मानकानुसार असावे असा निर्देश २०२० मध्ये काढला, यात या चुकीची अंशतः कबुली आहे. पण तो निर्देशही माणसाच्या पोटात जे जाते तेवढ्यापुरता होता. कुत्र्या-मांजरांचे खाद्य त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

७

वरील विवेचनावरून तीन अवस्था स्पष्ट होतात. पहिल्या अवस्थेत प्राण्याचे खाणे भोवतालच्या जमिनीतून व घरच्या पातेल्यातून येत होते आणि त्याची परीक्षा माणसाच्या अन्नाबरोबर आपोआप होत होती. दुसऱ्या अवस्थेत जमीन आटली व खाणे दानधर्माचा आणि नंतर बाजाराचा विषय झाले. परंतु इस्पितळ, महाविद्यालय व कायदा या संस्थांनी रोग, क्रूरता आणि माणसाचे अन्न एवढेच आपले क्षेत्र मानले. तिसऱ्या अवस्थेत कारखानी खाद्याने पातेले पूर्णपणे वेगळे केले, आणि तरीही दूध, मांस व सृष्टीतील इतर दुवे यांच्या मार्गाने ते पुन्हा माणसाच्या पानाशी येऊन मिळाले. वेगळेपणा फक्त परीक्षेपुरता राहिला.

खोताच्या वाडीत ज्या घरांच्या ओट्यांवर आज मांजरे बसतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाटीत मासळीच्या डोक्याऐवजी पिशवीतले दाणे असतात. तो बदल मागे फिरविता येणार नाही, व फिरविण्याचे कारणही नाही; चांगले बनविलेले खाद्य प्राण्याला पोषकच असते. प्रश्न आहे तो त्या वाटीस कायद्याने व भाषेने कोणते नाव द्यावे हा. जोपर्यंत ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येत ती वाटी बसत नाही, तोपर्यंत तिच्यातील विषाचा शोध प्राण्याच्या मृत्यूनंतरच लागत राहील. पंचमहालातील कुत्र्यांनी १९७४ मध्ये हेच सांगितले होते, आणि अमेरिकेतील मांजरांनी २००७ मध्ये.